नवी बॅटरीही का उतरते?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी बॅटरी बदलूनही ग्वाल्हेरच्या थंडीत माझी गाडी सकाळी सुरू होत नाही. दोष कशात असावा?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : पुन्हा बॅटरी घेण्याची घाई कृपया करू नका. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा; सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन सुरू करून, दिवे लावून पुन्हा मोजल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील, तर अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) पट्टा सैल आहे का आणि बॅटरीच्या टर्मिनलवर (तारा जोडतात त्या टोकांवर) पांढरट-हिरवा थर साचला आहे का, ते पाहा. दोन्ही ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर माझा संशय बाहेरून बसवलेल्या स्टिरिओवर किंवा डिकीतल्या न विझणाऱ्या दिव्यावर आहे. गाडी बंद करून अर्ध्या तासाने ५० मिलिअँपिअरहून बराच जास्त प्रवाह वाहत असल्यास इलेक्ट्रिशियनकडून एकेक फ्यूज काढून तपासून घ्या. मात्र इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू देऊ नका.