महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा कोणत्या जिल्ह्याला किती, हे कसं ठरतं?

मतदारसंख्येवर नाही, लोकसंख्येवर ठरतं. म्हणजे लहान मुलंही मोजली जातात. राज्याची एकूण लोकसंख्या भागिले 288, ही एका मतदारसंघाची सरासरी. 2001 च्या जनगणनेत राज्यात सुमारे 9.69 कोटी लोक होते, म्हणजे एका आमदारामागे साधारण 3 लाख 36 हजार. जिल्ह्याच्या लोकसंख्येला या आकड्याने भागलं की जागा मिळतात.

2009 ची निवडणूक याच हिशोबाने झाली आणि अविभाजित ठाणे जिल्हा 13 वरून थेट 24 जागांवर गेला. त्याच वेळी रत्नागिरी 7 वरून 5 वर आली, खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघच गेले. पोटापाण्यासाठी माणसं मुंबई-ठाण्याला गेली, त्यांच्यामागे आमदारही गेले! डोंगराळ भागात एका आमदाराला किती वाड्या-वस्त्या पायाखाली घालाव्या लागतात, याला या भागाकारात फारच कमी वजन आहे, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

लोकसभेचं गणित वेगळं. राज्याराज्यांतली वाटणी 1971 च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. महाराष्ट्राच्या 48 जागा त्यातल्याच. 2008 ला मतदारसंघांची फेररचना झाली, तेव्हाही फक्त आतल्या सीमा बदलल्या, आकडा नाही.