गणित फारसं येत नसेल तर क्वांटम मेकॅनिक्स प्रयोगांतून शिकता येईल का? सुरुवात कुठून करू?

येईल की. तुम्ही लिहिलंय की बारावीनंतर फिजिक्स सुटलं आणि कुठलंही पुस्तक उघडलं की ब्लॅक बॉडी रेडिएशनपाशीच (तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचं गणित) अडकायला होतं. मग ते प्रकरण सरळ सोडा, मी पण मुलांना ते शेवटी शिकवतो, इतिहासाच्या क्रमानेच शिकलं पाहिजे असं थोडंच आहे.

पोलरॉइड शीटचे (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारी फिल्म) तीन तुकडे घ्या, ऑनलाइन मिळते (थिएटरमधले थ्रीडी चष्मे नकोत, ते बहुतेक सर्क्युलर पोलरायझेशनचे असतात). दोन तुकडे काटकोनात धरले की अंधार. आता तिसरा तुकडा त्या दोघांच्या मधे ४५ अंशात तिरका सरकवा, लगेच उजेड यायला लागतो! चहाच्या गाळणीखाली अजून एक गाळणी धरली आणि चहा जास्त पडला असं कधी होतं का? फिल्म आदर्श धरली तर पहिल्या तुकड्यातून आलेल्या प्रकाशाचा पाव हिस्सा पार पोचतो.

यावर वर्गातलं एखादं हुशार पोरगं म्हणतंच की सर हे तर लाटांनी पण समजतं, मालसचा नियम आहे (कोनावरून किती प्रकाश पार जाईल ते सांगणारा), यात क्वांटम कुठंय. बरोबर आहे त्याचं. क्वांटम येतं ते उजेड इतका कमी केल्यावर की एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, जातोय (हे घरी जमत नाही, सिंगल फोटॉन डिटेक्टर लागतो). अर्धा फोटॉन कधी सापडत नाही, तो एकतर अख्खा जातो नाहीतर अडकतो, आणि ४५ अंशावर कुठला जाणार ते आधी सांगता येत नाही, अर्धे जातील एवढंच. शिवाय जो गेला तो आता ४५ अंशाचा झाला, आधी कसा होता ते पुसलं गेलं.

हे पचलं की स्टर्न आणि गेरलाख या दोघांचा प्रयोग. १९२२, फ्रँकफर्ट. भट्टीत चांदी तापवून अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला, जुन्या फिजिक्सप्रमाणे काचेवर एकच पसरट पट्टा यायला हवा होता, आला दुभंगलेला. हा दुभंग ज्यामुळे होतो त्या स्पिनची (इलेक्ट्रॉनचा चुंबकासारखा अंगभूत गुण) गंमत म्हणजे कल्पनाच आली १९२५ मधे, म्हणजे आपण नक्की काय पाहिलं हे त्यांना तेव्हा कळणं शक्यच नव्हतं. उभा, आडवा, परत उभा असे तीन मॅग्नेट ओळीने लावले तर काय होईल ते स्वतः कागदावर काढा, पोलरॉइडचंच गणित परत येतं, फक्त ४५ च्या जागी ९० अंश. फेट (PhET) या विज्ञानाच्या सिम्युलेशन्सच्या साइटवर याचं सिम्युलेशन फुकट आहे.

डबल स्लिट, म्हणजे कणांना दोन वाटा देऊन पडद्यावर काय उमटतं ते बघण्याचा प्रयोग, यानंतर. टोनोमुरा आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा इलेक्ट्रॉनचा व्हिडिओ शोधा, एकेक ठिपका पडत पडत पट्टे कसे तयार होतात ते त्यात दिसतं.

हाताने काही करायचंच असेल तर लाल, हिरवा, निळा एलईडी, एक पॉट (व्होल्टेज कमीजास्त करायचं बटण, पोटेन्शिओमीटर), सिरीजमधे रेझिस्टर आणि मल्टिमीटर. कुठल्या व्होल्टेजला जेमतेम पेटतो ते बघा, लाल १.८ च्या आसपास, निळ्याला बरंच जास्त लागतं, त्यावरून प्लांकचा स्थिरांक (फोटॉनची ऊर्जा आणि प्रकाशाची वारंवारता जोडणारा आकडा) काढता येतो, थोडा इकडेतिकडे येईल पण येतो.

गणिताचं म्हणाल तर साइन-कोसाइन आणि दोन आकड्यांचे व्हेक्टर एवढ्यावर पोलरॉइड आणि मॅग्नेटचं सगळं निघतं. कॉम्प्लेक्स नंबर लागतात ते स्पिनची तिसरी दिशा घेतल्यावर, तोपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका.