दोन-दोन मोजे घालूनही पाय गारच!

प्रश्न : ताई, सकाळी कामाला निघते तेव्हा तापमान शून्याच्या खाली असतं. जाड सुती मोज्यांचे दोन जोड घालते, वर जाडजूड बूट, तरी अर्ध्या तासात बोटं बधीर. तिसरा जोड चढवू की सरळ नवे बूट घेऊ?

उत्तर : तिसरा नकोच, आहेत त्यातला एक काढा! आधी एक करून बघा, मोजे-बूट घालून लेस बांधा आणि आत बोटं हलवा. मोकळी हलत नसतील तर दुखणं तिथेच आहे. ऊब मोज्यात नसते हो, मोज्यात अडकलेल्या हवेत असते, आणि बूटात कोंबून तो चपटा केला की हवा गेली, वर थंडीत पायाच्या रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात त्यात घट्ट बूटाने रक्त आणखी अडतं, मग बोटं बधीर होणार नाहीत तर काय. मीसुद्धा दिसायला छान म्हणून एक घट्ट जोड दोन हिवाळे वापरलाय, संध्याकाळी मोजा काढला की करंगळीजवळ त्याची वीण न् वीण उमटलेली असायची, तरी म्हणायचे की बूट बेस्ट आहेत.

दुसरी गडबड म्हणजे सुती. पायाला घाम थंडीतही येतो, कॉटन तो पिऊन ओलं बसतं आणि पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल शोषते तरी लगेच ओली लागत नाही. टोचते म्हणून घालत नसाल तर मेरिनो मेंढीची लोकर बघा, तिचा धागा बारीक असतो. फक्त पाकीट उलटून वाचा, पुढे मोठ्ठं ‘वूल’ आणि मागे सगळं अ‍ॅक्रिलिक असं होतं. थोडं नायलॉन मात्र असू द्या, नाहीतर टाचेला लवकर भोक पडतं. दोन थर हवेच असतील तर आत पातळ सिंथेटिक, वर जाड लोकरीचा, पण मग बूट त्या हिशोबाने मोठा घ्यायचा.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि जे मोजे रोज घालणार तेच घालून ट्राय करा. जाड सोल बघा. पायाखाली मोजा आपल्याच वजनाने दबतो म्हणून गारठा खालूनच चढतो, आत नमद्याचं (दाबून केलेल्या लोकरीचं) किंवा साध्या लोकरीचं इनसोल टाकलं तर खूप फरक पडतो (नवे बूट घेण्याआधी हेच करून बघा, जागा असेल तर). काही बूटांवर २००, ४०० ग्रॅम असं लिहिलेलं असतं ते बूटाचं वजन नाही, आतल्या अस्तराचं, दर चौरस मीटरला. चालणं बरंच असेल तर २०० वाला बघा, एका जागी उभं राहायचं काम असेल तर ४००. फार गरम घेऊन घाम आणलात तर परत पहिल्यापासून सुरू.

प्रश्न : ओले बूट हीटरजवळ ठेवले तर सोल सुटायला लागला. मग वाळवायचे कसे?

उत्तर : गोंद उष्णतेने मऊ होतो, चामडं तडकतं. इनसोल बाहेर काढा, आत कागदाचे बोळे कोंबा, तासाभराने ते बदला आणि हवेशीर ठेवा. दोन जोड आलटून पालटून घालता आले तर उत्तमच.

प्रश्न : आईला डायबेटिस आहे, रात्री पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी देतो. चालेल ना?

उत्तर : नको! डायबेटिसमध्ये पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, पोळलेलं त्यांना कळणारही नाही. झोपताना सैल लोकरीचे मोजे द्या, इलॅस्टिक न रुतणारे, आणि ते काढल्यावर रोज बोटांच्या मधली जागा, तळवा नीट बघा. कुठे काळपट, पांढरं किंवा फोड दिसला तर घरी चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.