वाचकांचे प्रश्न : मागच्या बाकावरची मुलं

हायस्कूलमधल्या ‘हाताबाहेर गेलेल्या’ मुलांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेक शिक्षकांची आहेत, एक एका आईचं आणि एक खुद्द विद्यार्थ्याचं.

प्रश्न : मी नववीला गणित शिकवते. वर्गातली आठ-नऊ मुलं अभ्यासातून मनाने कधीच उठून गेली आहेत. मी त्यांना पोटतिडकीने समजावते, परिस्थितीशी झगडून मोठ्या झालेल्या माणसांच्या गोष्टी सांगते. दोन दिवस फरक दिसतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. प्रेरणा टिकवायची कशी?

उत्तर : स्पष्टच सांगायचं तर त्या गोष्टी काही दिवस बंद ठेवा. गोष्ट ऐकून हुरूप येतो हे खरं, पण तिसऱ्या दिवशी फळ्यावर दोन चलांचं समीकरण येतं, ते डोक्यावरून जातं आणि ‘आपल्याला नाहीच जमणार’ याची मुलाला नव्याने खात्री पटते. वर्षानुवर्षं नापासाचा शिक्का घेऊन बसलेल्या मुलांना आधी काहीतरी जमावं लागतं, हुरूप त्याच्या मागून येतो. या आठवड्यात खरोखर जमेल, पण पोरखेळ वाटणार नाही, असं काम त्यांच्या हातात देणं हे तुमचं पहिलं काम.

त्यासाठी गाडी नेमकी कुठे अडते ते कळायला हवं. ‘पाया कच्चा आहे’ हे काही निदान झालं नाही. २० छोट्या प्रश्नांची, २५ मिनिटांची लेखी चाचणी घ्या, आणि ती सगळ्या वर्गाची घ्या. निवडक मुलांचीच घेतली की तिथेच शिक्का बसतो. प्रश्न चौथी ते सातवीच्या पातळीचे ठेवा : गुणाकार-भागाकाराचे ५, अपूर्णांकांचे ५, दशांशाचे ४, ऋण संख्यांचे ४, शाब्दिक २. गुण देऊ नका. चूक कोणत्या पद्धतीची आहे ते बघा. ३/४ + २/५ = ५/९ लिहिणारा मुलगा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो आहे. −७ + ३ = −१० लिहिणारा आधी नुसती बेरीज करतो आणि मग उत्तराला ऋण चिन्ह चिकटवतो. ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं म्हणणारा ३५ आणि ५ यांची तुलना करतो आहे. तिघांचीही नोंद ‘गणितात कच्चा’ अशी एकाच रकान्यात होते, उपाय मात्र तीन वेगळे आहेत.

५/९ लिहिणाऱ्याला लगेच लसावि शिकवायला जाऊ नका. तो त्याने तीनदा ऐकलेला आहे. आधी विचारा, ‘३/४ मध्ये आणखी भर घातली, मग उत्तर ३/४ पेक्षा कमी कसं आलं?’ ५/९ म्हणजे अर्ध्याहून जेमतेम जास्त. हा प्रश्न त्याला खटकला पाहिजे, त्याआधी पुढे जाऊ नका. मग सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्या, एकीचे ४ आणि दुसरीचे ५ समान भाग करायला लावा, आणि दोन्ही पट्ट्यांच्या भागांत पूर्ण मावेल असा लहान तुकडा शोधायला सांगा. पट्टीचे २० भाग करावे लागतात हे हळूहळू त्याचं त्याला सापडतं. १५ आणि ८ मिळून २३, म्हणजे २३/२०. एकापेक्षा मोठं उत्तर येतं याचंच अनेकांना आश्चर्य वाटतं.

वेळेचं गणित असं बसवा : आठवड्यातून ४ दिवस, रोज १५ मिनिटं, ३-४ मुलांचा गट, आणि दोन आठवडे एकच मुद्दा. रोज साधारण १० उदाहरणं, त्यातली ८ जमतील इतकी कठीण. दहाच्या दहा जमायला लागली तर पातळी वाढवा. पाचच जमली तर एक पायरी मागे या.

हे सगळं बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, ही १५ मिनिटं खेळाच्या तासातून कापली जातात आणि मदत शिक्षेसारखी वाटू लागते. दुसरं, मुलं उजळणीतच अडकतात आणि नववीचा अभ्यासक्रम हातातून जातो. म्हणून त्याच आठवड्यात, मुख्य तासाला, त्याच कौशल्यावर आधारलेलं नववीचं एक उदाहरण त्यांच्यापैकी एकाला विचारा, पण येणार याची खात्री असेल तेच. विचारून झाल्यावर थांबा. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सुमारे १ सेकंदच थांबतात असं दिसलं. ही वेळ ३ सेकंदांवर नेली की उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनातल्या मनात तीन अंक मोजायचे, बस.

प्रश्न : दहावीतला एक मुलगा प्रत्येक गोष्टीला उलट उत्तर देतो. वर्गाबाहेर काढलं की हसत जातो. पालकांना बोलावून झालं. आता काय करावं?

उत्तर : हसत जातो यातच अर्धं उत्तर आहे. त्याला बाहेरच जायचं आहे. दोन आठवडे एका वहीत प्रत्येक भांडणाआधीच्या तीन गोष्टी टिपा : तास कोणता, विषय काय आणि त्या क्षणी त्याला काय करायला सांगितलं होतं. अनेकदा एक चक्र दिसतं. मोठ्याने वाचायला सांगितलं की भांडण, फळ्यावर बोलावलं की भांडण. वाचता न येणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर अडखळण्यापेक्षा उद्धट ठरणं परवडतं. असं असेल तर प्रकट वाचन त्याच्यापुरतं बंद करा. उतारा आदल्या दिवशी द्या, एकट्याने वाचून घ्या आणि वर्गात तेवढ्याच चार ओळी विचारा.

प्रत्यक्ष प्रसंगात आवाज चढवू नका. त्याच्या बाजूला उभे राहा, समोर नको. हळू आवाजात एकच सूचना द्या : ‘वही उघड, तिसरं उदाहरण लिही, दोन मिनिटांत बघायला येतो.’ आणि तिथून खरंच निघून जा. माघार घ्यायला त्याला प्रेक्षक नसलेली जागा लागते. तुम्ही डोक्यावर उभे राहिलात तर ती मिळत नाही. जाताना तो काही पुटपुटला तर कानाआड करा. विषय संपवायचा तो तास सुटल्यावर, दोघांतच : काय झालं, त्याचा त्रास कोणाला झाला, आता भरपाई कशी करणार. तीन प्रश्न, पाच मिनिटं. प्रवचन नको.

याच्या जोडीला शाळेचे सलग १० दिवस, रोज २ मिनिटं, अभ्यास आणि वागणूक सोडून कशावरही गप्पा मारा. त्याची सायकल, खेळ, मोबाईलवर तो काय बघतो ते. पहिले तीन-चार दिवस ‘हं’ आणि ‘माहीत नाही’ याखेरीज काही मिळणार नाही. बरेच शिक्षक इथेच सोडून देतात. काहींच्या गप्पा सहाव्या दिवशी ‘बरं, गृहपाठाचं काय?’ वर येतात आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. गृहपाठासाठी दिवसाचे उरलेले तास आहेतच.

प्रश्न : वह्या तपासताना लाल शेरे पाहून मुलं आणखी खचतात. चुका दाखवायच्याच नाहीत का?

उत्तर : दाखवायच्या, पण कारणासहित. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शेऱ्यांसोबत एक चिठ्ठी लावली होती. तिचा आशय असा : माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे. ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना साधी चिठ्ठी मिळाली त्यांच्यापैकी १७ टक्क्यांनी निबंध सुधारून दिला. ही चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांनी. मात्र शेरे खरोखर तपशिलातले हवेत, नुसती गोड चिठ्ठी मुलं लगेच ओळखतात. एका वहीत दोनच चुका निवडा, त्या कशा सुधारायच्या ते लिहा आणि सुधारायला वर्गातच १० मिनिटं द्या. घरी सुधारून आण म्हटलं की ती वही तुम्हाला पुन्हा दिसत नाही. आणि ‘छान!’ हा शेरा सोडून द्या; ‘दुसरा परिच्छेद उदाहरणाने सुरू केलास ते चांगलं झालं’ असं लिहा.

प्रश्न : गैरहजेरी हाच आमचा मुख्य प्रश्न आहे. कधी काळजी करायची?

उत्तर : तुम्ही करताय त्याच्या बरंच आधी. एकूण दिवसांपैकी १० टक्के दिवस गैरहजर ही धोक्याची खूण मानतात. शाळा २०० दिवस चालत असेल तर २० दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. एवढ्याने हजेरीपट वाईट दिसत नाही, म्हणूनच ते सुटून जातं. पहिल्याच महिन्यात दोन-तीन दिवस बुडाले की नाव वेगळं लिहा. फोन पहिल्या दिवशी करा, आठव्या दिवशी नाही, आणि सुरुवात ‘का आला नाही?’ अशी नको. ‘आज दिसला नाही, सगळं ठीक ना? आज अमुक धडा झाला, उद्या दहा मिनिटं लवकर आला तर दाखवते’ असं म्हणा. परत आलेल्या मुलाचं ‘या साहेब, आठवण झाली का!’ असं स्वागत करणारा एक तरी शिक्षक प्रत्येक शाळेत असतो. त्याला कोणीतरी समजवा. लहान भावंडं सांभाळणं, कामावर जाणं, वर्गातल्या कोणाची भीती, ही कारणं फोनवर पहिल्या झटक्यात कळत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या फोनला कळतात.

प्रश्न : माझा मुलगा आठवीपर्यंत चांगले गुण मिळवायचा. या वर्षी एकदम घसरला. शिक्षक म्हणतात ‘लक्ष नाही’. मी काय करू? — एक आई

उत्तर : हळूहळू मागे पडणं वेगळं आणि एकदम घसरणं वेगळं. दुसऱ्यात अभ्यासाआधी बाकीचं तपासा. डोळे आणि कान तपासून घ्या; फळा धूसर दिसत असला तरी या वयाची मुलं सांगत नाहीत. झोप मोजा : १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास लागतात. मोबाईल रात्री खोलीबाहेर ठेवणं हा सर्वात सोपा बदल, आणि तो घरातल्या सगळ्यांनी केला तरच टिकतो.

शिक्षकांना भेटाल तेव्हा ‘लक्ष नाही’ यावर समाधान मानू नका. कोणत्या विषयात, कोणत्या महिन्यापासून, तोंडी की लेखी, आणि तो कोणाजवळ बसतो ते विचारा. सगळ्याच विषयांत घसरण असेल तर कारण बहुधा पुस्तकाबाहेरचं. मित्र तुटणं, छळ, घरातला ताण. तो एकटा राहू लागला, आवडीच्या गोष्टी सोडल्या, जेवण-झोप बदलली, तर समुपदेशक किंवा डॉक्टरांची वेळ घ्या. स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा जगावंसं वाटत नाही असं थट्टेतही बोलला तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन अशा वेळी देऊ नये. हे शिक्षकांनाही लागू.

प्रश्न : चित्रपटात एक शिक्षक येतो आणि वर्षभरात वर्ग बदलून टाकतो. माझी तीन वर्षं झाली, दमलो आहे. माझंच काही कमी पडतंय का?

उत्तर : ज्यांच्यावर असा चित्रपट निघाला त्या हायमे एस्कलांते यांचंच उदाहरण घ्या. बोलिव्हियाहून आलेले हे गणिताचे शिक्षक १९७४ साली पूर्व लॉस एंजेलिसमधल्या गारफील्ड हायस्कूलमध्ये रुजू झाले. त्यांच्या १८ विद्यार्थ्यांनी कलनशास्त्राची प्रगत परीक्षा पास केली ती १९८२ मध्ये. मधली आठ वर्षं पडद्यावर मावत नाहीत. परीक्षा मंडळाने १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला, १२ जणांनी ती पुन्हा दिली आणि पासही झाले. हा भाग सगळ्यांना आठवतो. त्यामागे खालच्या इयत्तांपासून बांधत आणलेलं बीजगणित होतं, सुट्टीतले वर्ग होते आणि हेन्री ग्रादियास यांच्यासारख्या मुख्याध्यापकांचं पाठबळ होतं, हे कमी जणांना ठाऊक असतं.

तेव्हा एकट्याने सगळा वर्ग अंगावर घेऊ नका. एका सत्रात तीनच मुलं निवडा आणि बाकीची सहकाऱ्यांत वाटून घ्या : प्रत्येक शिक्षकामागे तीन. मुलांच्या फोनसाठी वेळ ठरवा, समजा संध्याकाळी ६ ते ७, आणि त्यानंतर फोन फक्त आणीबाणीत. पैसे स्वतःच्या खिशातून उसने देऊ नका; गरज असेल तर शाळेमार्फत सोय करा. घरच्या मारहाणीची वगैरे गोष्ट कानावर आली तर त्याच दिवशी तारखेसह लिहून मुख्याध्यापकांकडे द्या. ते एकट्याने पोटात ठेवून शिक्षक लवकर मोडतो.

प्रश्न : मी नववीत तीन विषयांत नापास झालो. सर म्हणतात तू करू शकतोस. पण करू काय? — एक विद्यार्थी

उत्तर : सरांकडून तिन्ही उत्तरपत्रिका मागून घे. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे एक अक्षर लिही : येतच नव्हतं तिथे ‘न’, येत होतं पण चुकलं तिथे ‘च’, लिहिलंच नाही तिथे ‘स’. मग तिन्ही अक्षरांची वेगवेगळी बेरीज कर. ‘स’ जास्त असतील तर अभ्यासाआधी वेळ लावून लिहायचा सराव हवा. ‘च’ जास्त असतील तर प्रत्येक उत्तर तपासायची दोन मिनिटं राखून ठेव. ‘न’ जास्त असलेल्या विषयातला सर्वात लहान धडा घे आणि तिथून सुरू कर.

धडा चार वेळा वाचू नकोस. एकदा नीट वाच, पुस्तक बंद कर, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिही, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भर. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४२ टक्के आठवलं, एकदा वाचून आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते, म्हणून वाचताना ‘येतंय, येतंय’ असं वाटतं. तोच कागद दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कोरा घेऊन लिही. दिवसाला २५-२५ मिनिटांच्या दोन बैठका पुरेत. पहिल्या कागदावर चारच ओळी येतील. तो फेकू नकोस, तारीख टाकून सरांना दाखव आणि दुसरा रंग भरलेल्या भागातलं काय कळलं नाही ते विचार.