झबल्याला बंद लावू की बटणं?

प्रश्न : काकू, लेकीला आठवा महिना आहे, जुलैत बाळ येईल. माझ्या आईच्या जुन्या सुती नऊवारीतून बाळंतविड्याची झबली शिवायची आहेत. शिवण बाळाला टोचेल का? आणि बंद लावू की बटणं?
– एक होणारी आजी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पणजीच्या लुगड्याचं झबलं! वाचूनच बरं वाटलं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या कापडाची सर नव्या मलमलीला नाही. आधी ते उजेडासमोर धरा आणि विरलेला भाग सोडून द्या. काठही नको, तो कडक असतो.

टोचतात त्या शिवणीच्या दशा. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींवर ठेवून कडेपासून ५ मिलिमीटरवर टीप मारा. कड ३ मिलिमीटरपर्यंत कापा, कापड उलटवा आणि घडीपासून ६ मिलिमीटरवर दुसरी टीप घाला. दशा आत बंद होतात. माझ्या नातवाच्या पहिल्या झबल्याला मी साधी शिवण घातली होती, त्याच्या काखेत लाल वळ उठला. फार वाईट वाटलं मला.

बटण नकोच. दोरा सैल झाला की ते तोंडात जातं. अंगरख्यासारखं पुढून उघडणारं झबलं करा, बंद कुशीला लावा, १० सेंटिमीटर पुरतात. गळ्याशी मात्र एकही बंद नको, आवळायची भीती असते.

जुलैत आपल्याकडे दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत. सहा नव्हे, बारा झबली शिवा.