धुतलेले नाणे आणि कलम ४२

सांगलीच्या एका वाचकांनी मार्च २०२४ मध्ये पुण्यातील एका नाणेविक्रेत्याकडून सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया दोन लाख चाळीस हजारांना घेतला. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर छायाचित्रांसोबत ‘यूएनसी, ओरिजिनल लस्टर, कधीही क्लीन केलेला नाही’ (म्हणजे चलनात न वापरलेला, मूळ चकाकी असलेला) असे लिहून दिले होते. बिलावर मात्र नाण्याचे वर्णन ‘जुने चांदीचे नाणे, १ नग’ एवढेच आहे. डिसेंबरमध्ये त्यांनी नाण्यावरचा काळपट थर काढण्यासाठी ते एका परिचिताकडून ‘डिप’ करून, म्हणजे रासायनिक द्रावणात बुडवून घेतले आणि नंतर एजंटामार्फत अमेरिकेत ग्रेडिंगसाठी, म्हणजे दर्जाचा अंक ठरवून घेण्यासाठी पाठवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाणे परत आले ते अंकाविना, ‘यूएनसी डिटेल्स, इम्प्रॉपरली क्लीन्ड’ (अयोग्य रीतीने साफ केलेले) अशा शेऱ्यासह. विक्रेता म्हणतो, नाणे तुम्हीच खराब केले. वाचक विचारतात, नाणे परत करून पूर्ण पैसे मिळतील का?

नाणे परत करून पूर्ण पैसे मिळण्याची शक्यता माझ्या मते जवळपास संपली आहे, आणि ती विक्रेत्यामुळे नव्हे, तुमच्यामुळे संपली आहे. अशा आशयाची पत्रे माझ्याकडे वरचेवर येतात आणि बहुतेकांत चूक एकच असते: शंका आल्यावर विक्रेत्याला लेखी कळवण्याऐवजी माणूस आधी नाण्यावर प्रयोग करतो.

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे ताब्यात आलेल्या मालाबाबत खरेदीदाराने विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काहीही केले, किंवा वाजवी काळ उलटूनही माल नाकारल्याचे न कळवता तो स्वतःजवळ ठेवला, तर त्याने माल स्वीकारला असे कायदा धरतो. तुम्ही दोन्ही गोष्टी केल्या आहेत. नऊ महिने नाणे कपाटात ठेवले आणि मग ते ॲसिडच्या द्रावणात बुडवले. जे नाणे तुम्हाला विकले गेले ते त्याच स्थितीत परत करणे आता कोणालाही शक्य नाही. एकदा स्वीकार झाला की कलम १३(२) लागू होते आणि अटीचा भंग हा केवळ हमीचा भंग मानला जातो. याचा व्यवहारातला अर्थ असा की नाणे तुमच्याकडेच राहील आणि कलम ५९ खाली तुम्ही फक्त नुकसानभरपाई मागू शकाल. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या बिलावरच्या छापील ओळीची तुम्हाला जी धास्ती वाटते, तिला मी फारसे महत्त्व देत नाही. सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. पण नाणे तेव्हाच, जसेच्या तसे परत देऊ केले असते तर या तरतुदीचा उपयोग झाला असता.

आता उरलेल्या दाव्याकडे वळू. नुकसानभरपाईचे सारे प्रकरण एका प्रश्नावर उभे राहील: मार्च २०२४ मध्ये नाणे तुमच्या हाती आले त्या दिवशी ते आधीच घासलेले होते की नव्हते? ग्रेडिंगच्या शेऱ्यातून याचे उत्तर मिळत नाही, कारण तो शेरा नाण्याची आजची अवस्था सांगतो, ती कोणी व केव्हा आणली हे सांगत नाही. मात्र नाण्याच्या पृष्ठभागावरून ते बऱ्याच अंशी सांगता येते, आणि इथे तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे.

चांदीवरचा काळपट थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. थायोयुरिया व ॲसिड असलेले ‘डिप’ हा थर विरघळवते आणि त्याबरोबर धातूचाही अगदी पातळ पापुद्रा नेते. टाकसाळीत ठसा उमटताना धातू वाहून ज्या अतिसूक्ष्म रेषा तयार होतात, त्यांच्यावरून प्रकाश परावर्तित झाल्याने मूळ चकाकी दिसते. वारंवार किंवा जास्त वेळ डिप केल्यास या रेषा झिजतात आणि नाणे पांढरे, पण निर्जीव दिसू लागते. कापडाने, खाण्याच्या सोड्याने, टूथपेस्टने किंवा रांगोळीने घासल्यावर याहून वेगळी खूण उमटते: नाणे प्रकाशात तिरके धरले की एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात, ज्यांना संग्राहक ‘हेअरलाइन’ म्हणतात. नुसत्या द्रावणात बुडवल्याने असे ओरखडे उमटत नाहीत. तेव्हा तुमच्या नाण्यावर हेअरलाइन असतील आणि तुमच्या परिचिताने नाणे खरोखरच फक्त बुडवून धुतले असेल, पुसताना कापड फिरवले नसेल, तर ते ओरखडे आधीचे आहेत असा युक्तिवाद ताकदीने करता येईल. उलट ओरखडे नसून नाणे केवळ निस्तेज झाले असेल, तर विक्रेत्याचे म्हणणे खरे ठरण्याचा धोका मोठा आहे आणि अशा वेळी मी तुम्हाला ग्राहक आयोगाची पायरी चढायला सांगणार नाही.

तुम्ही पत्रात ‘मी तर फक्त कन्झर्वेशन केले’ असे लिहिले आहे. हा शब्द तक्रारीत वापरू नका, विरुद्ध पक्षाचा वकील तुम्हाला त्यावरच अडवील. एनजीसी या अमेरिकी ग्रेडिंग संस्थेची एनसीएस ही संबंधित संस्था आणि पीसीजीएस या तशाच दुसऱ्या संस्थेचा रिस्टोरेशन विभाग जे काम करतात ते कन्झर्वेशन. पीव्हीसीच्या पाकिटातून नाण्यावर उतरलेला हिरवट, चिकट थर ॲसिटोनने काढला तर धातूला धक्का लागत नाही आणि अशा नाण्याला नंतर सरळ अंकी श्रेणी मिळू शकते. बेताने केलेल्या डिपलाही ग्रेडिंग करणारे अनेकदा आक्षेप घेत नाहीत. पृष्ठभागावरचे परके द्रव्य काढले की पृष्ठभागच बदलला, यावर सारा फरक अवलंबून असतो. नाण्यांचा दर्जा ठरवण्याच्या शेल्डनच्या १ ते ७० च्या मापनावर चलनात न वापरलेल्या नाण्यांना ६० पासून पुढचे अंक मिळतात, तर पृष्ठभाग बिघडलेल्या नाण्याला अंकच न देता ‘डिटेल्स’ म्हणून बाजूला काढले जाते.

यातूनच तुमच्या नजरेतून सुटलेली एक बाब पुढे येते. ‘यूएनसी डिटेल्स’ म्हणजे नाणे वापरात झिजलेले नाही. म्हणजे विक्रेत्याचा ‘यूएनसी’ हा शब्द खोटा ठरलेलाच नाही! ‘ओरिजिनल लस्टर’ हे आपले मत होते असे तो म्हणेल, आणि व्यापाऱ्याच्या मताला वस्तुस्थितीचे विधान ठरवणे सोपे नसते. ‘कधीही क्लीन केलेला नाही’ हे मात्र निखालस वस्तुस्थितीचे विधान आहे. वर्णनावरून झालेल्या विक्रीचे कलम १५ आणि हमीचा भंग या दोन्हींचा भार या एका ओळीवर पडणार आहे. ती ओळ बिलावर लिहून घ्यायला एक मिनिट लागले असते. अडीच लाखांच्या घरात जाणारी रक्कम मोजताना ‘जुने चांदीचे नाणे, १ नग’ असे बिल मुकाट्याने स्वीकारणाऱ्या माणसाला काय म्हणावे, हे मला खरोखर समजत नाही.

त्यामुळे तो मोबाइल आता जपा. संभाषण आणि मूळ छायाचित्रे पुसू नका, फोन बदलू नका, स्क्रीनशॉटवर विसंबू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह ही माहिती दाखल करावी लागेल. ग्राहक आयोगाला पुराव्याचे तांत्रिक नियम तंतोतंत लागू होत नसले तरी प्रमाणपत्र जोडलेले असावे. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रांत ओरखडे दिसत असतील तर ते निर्णायक ठरू शकतात; पण तुम्हालाही ते तेव्हाच दिसायला हवे होते, असे उत्तर येईल याची तयारी ठेवा. नाणे स्लॅबमधून, म्हणजे ग्रेडिंग करणाऱ्यांच्या सीलबंद प्लास्टिक पेटीतून काढू नका आणि पुन्हा कोठेही पाठवू नका. ज्यांनी डिप केले त्यांच्याकडून कोणते द्रावण, किती सेकंद, कशाने पुसले हे सही-तारखेसह लिहून घ्या. ते टाळाटाळ करू लागले आणि त्यांनी मोबदला घेतला असेल, तर त्यांनाही विरुद्ध पक्ष करण्याचा विचार तुमच्या वकिलांनी जरूर करावा.

मुदतीबाबत मात्र एक दिवसही दवडू नका. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. ही मुदत ग्रेडिंगचा निकाल आल्यापासून धरावी असे तुमचे म्हणणे आहे, आणि दडलेल्या दोषाच्या प्रकरणांत तसा युक्तिवाद करता येतो. पण त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. नाणे मार्च २०२४ मध्ये हाती आले, तेव्हा मार्च २०२६ हीच शेवटची तारीख मानून चाला. विलंब माफ करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ‘एजंटाकडून उत्तर आले नाही’ हे कारण किती चालेल याची खात्री मी देऊ शकत नाही. तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगातच करता येईल, पुण्याला जाण्याची गरज नाही. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही लागणार नाही.

तुम्ही ‘ग्राहक’ ठरता का, याचे उत्तर तुमच्याच पत्रात डळमळते. चांगली श्रेणी मिळाली असती तर नाणे लिलावात विकणार होतो, असे तुम्ही लिहिता. पुनर्विक्रीसाठी घेतलेला माल या कायद्याच्या व्याख्येबाहेर जातो. स्वतःच्या संग्रहासाठी घेतले आणि विकण्याचा विचार पुढे सुचला, असे असेल तर तसे सांगा. मुळातच नफ्यासाठी घेतले असेल तर खोटे सांगू नका. त्या स्थितीत दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे आणि करारभंगाच्या भरपाईसाठी तिथे तीन वर्षांची मुदत मिळते.

हे नाणे १९३९ चे असल्याने तुम्ही एका मोठ्या संकटातून वाचला आहात. इतर काही वाचक १८६२ चे किंवा १९११ चे रुपये ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवण्याविषयी सहज विचारतात. शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरते, खासगी व्यक्तीने ते देशाबाहेर पाठवण्यास मनाई आहे आणि शिक्षा किमान सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची आहे. नाणे परत येणार होते, हा बचाव कोणी गृहीत धरू नये.

भरपाईची रक्कम म्हणजे तुम्ही मोजलेली किंमत आणि घासलेल्या अवस्थेत त्या नाण्याला मार्च २०२४ मध्ये आलेली असती ती किंमत, यांतला फरक. त्यासाठी त्या काळातील लिलावांचे निकाल गोळा करा. कायदा आयोगाला तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढायला सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि लोकांची वर्षे जातात. ग्राहकासाठी केलेल्या कायद्याची ही अवस्था संताप आणणारी आहे. म्हणून या आठवड्यातच वकिलामार्फत नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि तिच्यात पूर्ण रक्कम नव्हे, तर हा फरक मागा. विक्रेत्याने या फरकाच्या निम्म्याच्या आसपास रोख तडजोड देऊ केली आणि नाण्यावर ओरखडे आहेत की नाहीत याबद्दल तुमच्याच मनात शंका असेल, तर ती स्वीकारा. ओरखडे स्पष्ट असतील तर नोटिशीची मुदत संपताच तक्रार दाखल करा.