रानगाढव, खेचर की घुडखर?

ताई, लेकीच्या प्रोजेक्टमधे गुजरातेतल्या कच्छच्या छोट्या रणातल्या त्या जंगली गाढवाला, म्हणजे घुडखराला, 'खेचर' लिहू का 'रानगाढव', असं तुम्ही विचारलंय. खेचर अजिबात लिहू नका. खेचर म्हणजे गाढव नि घोडीचं पिल्लू, त्याला पुढं पिल्लं होत नाहीत, आणि हा तर स्वतंत्र जातीचा प्राणी, मादी साधारण अकरा महिन्यांनी एक शिंगरू देते. घोळ मात्र लई जुना आहे, कारण शास्त्रीय नावातला 'हेमिओनस' हा ग्रीक शब्दच 'अर्धं गाढव' म्हणजे खेचर असा आहे. त्याच नावात शेवटी 'खुर' येतं, ते पण जनावराच्या पायाचं खूर नव्हे, प्राण्याचंच नाव आहे.

आता रानगाढव. शब्द चुकीचा नाही, पेपरात तोच येतो, पण आपल्याकडं अडचण अशी की मराठवाड्यात रान म्हणजे शेत. बाप रानात गेलाय म्हणजे शेतावर गेलाय. मागं मी चुलत्याला फोटो दाखवून म्हणलं हे रानगाढव, तर त्यांनी लगेच विचारलं, "कुणाचंय?" कुंभाराचं नाहीतर वडाराचं सुटलेलं गाढव कुणाच्या तरी ज्वारीत शिरलंय असंच त्यांना वाटलं. आणि हे तर कुणाचंच नसलेलं जनावर आहे!

त्यात 'रान' आणि 'रण' हे कानाला जवळचे असले तरी मुळं वेगळी. रान आलं अरण्यावरून, आणि कच्छचं रण आलं संस्कृत 'इरिण'वरून, म्हणजे खारी नापीक जमीन. घुडखर राहतो तो या दुसऱ्यात. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, मग तो उंचवट्यावर जातो जिथं गवत असतं, त्याला तिकडं 'बेट'च म्हणतात. या बेटांवर आता वेडी बाभूळ पसरलीय, गवताला जागा उरत नाही, आणि गंमत बघा तिला गुजरातीत म्हणतात 'गांडो बावळ', गांडो म्हणजे वेडाच. तिच्या शेंगा घुडखरच खातो आणि शेणातून बी लांबवर नेतो. रात्री तो रणाकडेच्या पिकात पण उतरतो, आपल्याकडं रोही, म्हणजे नीलगायी, उतरतात तसाच, म्हणजे तेवढ्या वेळेपुरता तो खरंच आपल्या अर्थाच्या 'रानात' असतो. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, ते प्रोजेक्टमधे जरूर लिहा.

म्हणून माझं मत, 'घुडखर' लिहा. लोक घोडा अधिक खर असा सरळ फोडतात, खर म्हणजे गाढव हे आपल्याला माहीतच आहे, आणि फारसी-उर्दूत याला गोरखर म्हणतात. नाव वेगळं असण्याचा उपयोग पण आहे, कारण लडाखचा कियांग ही वेगळी जात, पण बातम्यांत दोघंही रानगाढवच, मग कुणाची संख्या किती काहीच कळत नाही. घुडखर 1960 च्या दशकात रोगानं चारशेच्याही खाली गेले होते, 1973 मधे अभयारण्य झालं, जवळपास 4954 चौरस किलोमीटरचं, आणि 2024 च्या मोजणीत 7672 भरले. हे आकडे फक्त घुडखराचे, कियांगचे नाहीत, हे लेकीला नीट सांगा.

पहिल्यांदा लिहिताना 'घुडखर, म्हणजे रणातलं जंगली गाढव' असं लिहायचं, पुढं नुसतं घुडखर. शब्द पुल्लिंगी ठेवा, अनेकवचनात पण घुडखरच, आणि मादी असेल तर 'घुडखराची मादी'.